आडवी पाटी

—नाही, आत जाऊ नका, रायमुंड! दोन मिनिटं. ही कॉफी घ्या, माझीच आहे, उष्टी नाही. आत मंत्र्यांच्या बैठकीत काय पेटलंय? दुधावर भाषणं चाललीयत अजून, हेरिंग माशाचा विषय त्यानंतर. बघा, साधी गोष्ट आहे — बाल्टिक समुद्रातली हेरिंगची मासेमारी बंद करायचा हा प्रस्ताव अडवायचा तर चार देश हवेत, आणि त्यांच्या पदरी पुरेशी लोकसंख्याही हवी. देश आहेत हो, पण आम्ही सगळे मिळून मूठभर. माणसं तुमच्या मोठ्या देशात. तुम्ही आलात तर अडतं, नाहीतर आमचं हसं. एवढंच करा — अध्यक्षीणबाईंनी ‘कुणाची हरकत?’ असं विचारलं, की समोरची देशाच्या नावाची पाटी उभी करा. आधी तुमची, मग माझी. मी आधी केली तर म्हणतील, लाटव्हियाचं नेहमीचं रडगाणं! म्हणून तर आमच्या राजदूतांना खुर्चीत बसवून बजावून आलेय — मी येईपर्यंत पाटीला हात लावायचा नाही, काही झालं तरी.

मान काय हलवताय? बोला ना! मासा कमी झालाय, असंच ना? झालाय. कोण नाही म्हणतं? निम्मं करा, पण बंद? आमच्या बंदरात पाच होड्या उरल्यात हो. एक माझ्या भावाची, विल्निसची. आई अजून माशांना धुरी द्यायला धुरीघरात उभी राहते, लाकडं स्वतः रचते, कुणाला हात लावू देत नाही. परवा विल्निस धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मंत्री झालीस ना ताई? मग तेवढं हे थांबव.’ आणि मी हो म्हणाले! आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ, सांगा ना?

काय? आमचं सरकार? आहे की पाठीशी. म्हणजे... आहेच. पंतप्रधान सकाळी फोनवर जरा — अहो, घाबरट माणूस! म्हणाले, विरोध सोडून द्या, त्याबदल्यात बंदराला मदत मिळेल. मदत काय, धुरी देऊन खायची? मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे आज मी जे करणारेय ते — अगं बाई, हे मी तुम्हाला कशाला सांगितलं! रायमुंड, आपल्यातच ठेवा हं. कप का खाली ठेवलात? नाही नाही, तसं नाही, खुर्चीत तर मीच बसते ना, मत माझंच...

थांबा. टाळ्या? दुधाला कोण टाळ्या वाजवतं? सरका, दार उघडू द्या. पडद्यावर — हेरिंगबंदी. मंजूर. कुणाची हरकत नाही म्हणे. दूधवाले लवकर आटोपले असणार. आणि ते बघा आमचे राजदूत, कसे शहाण्यासारखे बसलेत, हात मांडीवर, पाटी आडवी. काही झालं तरी, असं मीच सांगून आले होते.

विल्निसचा फोन येतोय.

जा तुम्ही, रायमुंड. कॉफी न्या. जा म्हणते ना!