कळपाचं दूध

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. लेकराला जपायचं म्हणजे काय करायचं? छातीशी घट्ट धरायचं? बरं, धरलं! आणि धरणारे हातच एखाद्या दिवशी तिथे नसले, तर? माझी शर्वी आज तिसऱ्या रांगेत, त्या मावशींच्या मांडीवर आहे. एक डोळा तुमच्याकडे, एक तिकडे — म्हणून विचारते!

आज आख्यान कॅपिबाराचं. हसा, हसा! पेटीवाले नाडकर्णीकाका मघाशी म्हणाले, "ताई, हा कुठल्या पुराणातला?" काका, नातीच्या उशीवर कोण आहे ते बघा! तोच. उंदराच्या जातीतला, पण अंगानं शेळीएवढा. चेहरा असा, की आत्ताच पोटभर जेवून पडवीत टेकलाय. पाठीवर पक्षी बसला? बसू दे. शेजारी कासव ऊन खातंय? खाऊ दे. पोरांना आवडतो तो यासाठी! पण शांत दिसतो म्हणून गाफील समजू नका. डोळे, कान, नाक — सगळं डोक्याच्या वरच्या अंगाला. अंग पाण्यात, पहारा पाण्याबाहेर!

तर दूर दक्षिण अमेरिकेत एक नदी, काठावर कळप. त्यात येसू — पहिलटकरीण. नाव मी ठेवलंय, तिची हरकत नाही! कळपाची रीत अशी, की कुठल्याही पिल्लानं कुठल्याही आईला लुचावं. येसूला हे पटेना. दुसरीचं पिल्लू आलं की ही उठून उभी! आपलं तिकडे वळलं की नाकानं ढकलून परत!

थोरली गोदाक्का म्हणाली, "का गं, जगात तू एकटीच व्यालीस का?"

"आक्का, माझं मी बघते."

"तू बघशील गं. पण तू दिसली नाहीस, तर ते कुणाकडे बघेल?"

यावर येसूनं काय केलं? पिल्लू घेऊन आणखी लांब जाऊन बसली! आपण तरी वेगळं काय करतो?

आणि एक दिवस — कळपातून भुंकल्यासारखी आरोळी! जग्वार! आपल्या बिबट्याचा थोरला भाऊच म्हणा. सगळे धडाधड पाण्यात. येसू लांब होती ना! तिनं पिल्लाला कळपाकडे ढकललं आणि स्वतः जग्वारासमोरून उलट्या दिशेला पळाली. मारली उडी! पाण्याला ओढ जबर. गेली वाहत, पार वळणापलीकडे.

जग्वार निघून गेला, कळप काठावर आला. पिल्लू एकटंच शिट्टी मारतंय. या पिल्लांची शिट्टी म्हणजे, "आई, कुठेस?" उत्तर नाही. भूक लागलेली. भोवती आया पडल्यात, दूध आहे! पण ते जवळ जाईना. का? आईनं एवढंच शिकवलंय — या परक्या! मंडळी, दूध पुढ्यात, आणि लेकरू उपाशी!

गोदाक्का उठली. ओढलं नाही, दटावलं नाही. त्याच्या शेजारी जाऊन नुसती आडवी झाली. पिल्लू जरा पुढे येई, पुन्हा मागे सरके...

दिवस कलताना येसू काठाकाठानं धापा टाकत आली. शिट्टी ऐकू येईना! बघते तर —

थांबा. शर्वी रडतेय. नाही मावशी, मी उतरत नाही. तिच्या पिशवीत केळं आहे, तुम्हीच भरवा.

— बघते तर पिल्लू आक्काच्या पोटाशी झोपलेलं! ओठाला दुधाचा थेंब. येसू शेजारी आडवी झाली. इतक्यात दुसरीचंच एक पिल्लू आलं आणि तिला लुचू लागलं. येसू उठली नाही!

आता तुमचं बोला. तुमच्या जिन्यात, कुलपासमोर दप्तर घेऊन बसलेलं एक लेकरू आहे ना? आई कामावरून यायचीय त्याची. उद्या दार उघडा. विचारा, "जेवलास का रे?" आणि घरच्या लेकराला 'परक्याकडे जायचं नाही' एवढंच सांगून थांबू नका. कुणाकडे जायचं, ते दार बोट करून दाखवा! पहारा सोडू नका, आयांनो. पहाऱ्याला माणसं वाढवा!

गप्प झाली बघा शर्वी. असू द्या मावशी, तिथेच असू द्या. काका, पेटी धरा! हरीच्या नामाचा गजर पुरा होईपर्यंत मी ही कीर्तनाची गादी सोडणार नाही.