विलायती कमळ व सामाईक विहीर

दि. ३ ऑक्टोबर १९८१

माझे नाव चंदर मोतीराम तिडके, वय २२ वर्षे, शिक्षण सातवी नापास, धंदा बंगल्यावर माळीकाम, राहणार मखमलाबाद, ता. नाशिक. ठाण्यात स्वतःहून येऊन सांगतो की,

मी गंगापूर रोडवरील एका बंगल्यात कामास आहे. तेथील हौदात जांभळ्या फुलांची तरंगती वनस्पती आहे. बंगल्याच्या मालकीणबाई तिला विलायती कमळ म्हणतात. वाढलेली रोपे दर शनिवारी काढून उन्हात वाळवणे हे माझे काम आहे. जूनमध्ये बाईंनी मला एक रोप दिले व म्हणाल्या, "घमेल्यातच ठेव. वाहत्या पाण्यात, विहिरीत जाऊ देऊ नकोस."

घमेल्यात त्या एका रोपाची बरीच रोपे झाली. फूल तोडले की लगेच मिटते. म्हणून श्रावणात चारही सोमवारी मी मुळासकट एकेक रोप महादेवाला वाहिले. दुसऱ्या दिवशी निर्माल्य निघाले. मी ते वाळवण्यास ठेवत होतो. आई शकुबाई म्हणाली, "देवाचं पायदळी नाय टाकायचं. पाण्यात सोड." मी चारही वेळा ते आमच्या व शेजाऱ्यांच्या सामाईक विहिरीत सोडले. बाईंचे सांगणे मला आठवत होते.

दि. ५ सप्टेंबर रोजी मी विहिरीत ४१ रोपे मोजली. कोणास सांगितले नाही. नंतर मोजता आली नाहीत.

काल सकाळी ९ वाजता विहिरीवरील इंजिनाच्या फूटव्हॉलमध्ये, म्हणजे पाण्यातील पाइपाच्या तोंडाच्या झडपेत, मुळ्या अडकून पाणी बंद झाले. दसरा पाच दिवसांवर आहे व विहिरीचे एक हिस्सेदार धोंडीराम यांचा झेंडू सुकत आहे. पाण्याच्या पाळीवरून त्यांचे व दुसरे हिस्सेदार मल्हारी तात्यांचे जुने भांडण आहे. धोंडीराम म्हणाले, "मल्हाऱ्या, ही घाण तूच टाकली." तात्या म्हणाले, "माझी शेवंती बी ह्याच पाण्यावर हाय. मी काय येडा हाय का?" मी तेथे दोर धरून उभा होतो. 

तात्यांना आज सकाळपासून ठाण्यात बसवले आहे, असे समजल्यावरून मी आलो. त्यांचा काही संबंध नाही. त्यांना घरी सोडावे. आईने फक्त पाण्यात सोड म्हटले, विहिरीत मी सोडले. तिला बोलावू नये. हे सर्व कळल्यापासून, आज तिने देवाला फूल वाहिलेले नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, तो मी सांगितला तसाच आहे. माझ्या विनंतीवरून पुढील मजकूर वाढवला आहे: पुरावा म्हणून आणलेले रोप जमादारसाहेबांनी ठाण्यामागील हौदात ठेवले आहे. ते आजच काढून उन्हात टाकावे.

सही
चंदर मोतीराम तिडके