आधी कॉलर बघा

ताई : म्हणजे तू त्या शिलाईच्या दुकानात आधीच जाऊन आलीस?

नवी : पाचच मिनिटं हो, ताई! मालकांना एवढंच सांगितलं, की आमच्याकडचे टेलरकाका उद्या काम मागायला येतील, मनाच्या आजारातून उठलेत, जरा सांभाळून घ्या.

ताई : काकांना विचारलं होतंस?

नवी : सरप्राइज होतं ना ते!

ताई : वा.

नवी : आणि मालक इतके चांगले निघाले! म्हणाले, पाठवा, लावून घेतो. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. आज काका गेले, काम मिळालं, आणि आल्यापासून दार लावून बसलेत. जेवले पण नाहीत! माझं चुकलं काय?

ताई : त्यांनाच विचार.

नवी : मी? आजारातून उठलेल्यांच्या या घरात कामाला लागून मला महिनासुद्धा झाला नाही. शिकवायचं तुम्ही ना?

ताई : शिकवतेच आहे. वाजव दार. आणि ते बोलतील तेव्हा तोंड बंद.

नवी : तेवढंच जमत नाही मला.

ताई : माहीत आहे. अख्ख्या घराला माहीत आहे.

नवी : काका, मी आहे!

काका : कळलं. एवढं दार दुसरं कोण बडवणार? ये, एक्सप्रेस. ताई, तुम्हीही या.

नवी : रागावलात का हो?

काका : हे काय आहे, सांग.

नवी : कॉलर. शर्टाची. नुसतीच?

काका : नुसतीच. आठवडाभर शिवत होतो. गोळ्यांनी हात थरथरतो, किती वेळा उसवली ते विचारू नकोस. त्या मालकापुढे ठेवली. म्हटलं, आधी काम बघा. तर म्हणतो, "राहू द्या हो काका. बसा पंख्याखाली. वाटेल तेव्हा या, जमेल तेवढं करा." एकेक शब्द सावकाश, तान्ह्या बाळाशी बोलावं तसा.

नवी : पण चांगलंच बोलले की—

ताई : ऐक.

काका : हात नाही लावला कॉलरीला. बाही लांब झाली, गळा ओढतो, म्हणून गिऱ्हाइकांच्या शिव्या जन्मभर खाल्ल्यात मी. पण शिवलेलं न बघता "छान" कोणी म्हटलं नव्हतं.

नवी : बापरे. मी आत्ता जाते! पळत जाते, मालकांना सांगते, काका पट्टीचे कारागीर आहेत, त्यांना असं अजिबात—

ताई : बस खाली. आगीतून फुफाट्यात घालशील त्यांना.

नवी : मी परत त्यांच्या आधीच निघाले होते ना?

काका : चप्पलसुद्धा घातलीस एका पायात.

नवी : चुकलं माझं, काका. तुमच्या आजाराची गोष्ट तुमची होती. कोणाला सांगायची, किती सांगायची, ते तुम्ही ठरवायचं. मी ती परस्पर वाटून आले. आता परतही घेता येत नाही.

काका : नाही येत.

नवी : ताई, मला काढणार का?

ताई : तुझं नंतर बघू. आत्ता काका समोर बसलेत. त्यांना विचारायचं राहिलंय ते विचार.

नवी : काका, तुम्हाला काय करायचंय?

काका : हे आधी विचारलं असतंस, तर माझं जेवण झालं असतं.

ताई : पलीकडच्या रस्त्याला दुसरं दुकान आहे, काका.

काका : का? मी काय चोरी केलीय? तिथेच जाणार. कॉलर ठेवणार, म्हणणार, बघा. पसंत नसेल तर नाही म्हणा.

नवी : आणि खरंच नाही म्हणाले तर? तुम्हाला त्रास झाला तर?

काका : वाईट वाटेल. वाईट वाटणं हा काही आजार नाही गं. तुला आत्ता वाटतंय ना, तसंच.

नवी : मी येते बरोबर. नाही, थांबा. येऊ की नको?

काका : ये. समोरच्या फुटपाथवर थांबायचं. हात हलवायचा नाही.

नवी : एकदासुद्धा?

काका : एक्सप्रेस!

(दुसऱ्या दिवशी सकाळी. दुकानासमोरचा फुटपाथ. काका आत गेले आहेत.)

नवी : ताई, काचेतून दिसतंय. मालक मान हलवतायत. आडवी हलवतायत हो! मी जाऊ?

ताई : नाही.

नवी : काका एकटेच उभे आहेत तिथे.

ताई : उभे आहेत ना?

नवी : माझे पाय तिकडेच ओढतायत.

ताई : माझेही. इतकी वर्षं झाली, ओढतातच. ते आवरून इथेच उभं राहायचं, त्याचाच पगार मिळतो आपल्याला.

नवी : आले! काका, काय म्ह— नाही. तुम्ही बोला.

काका : उजेडात नेऊन बघितली. उलटीसुलटी केली. म्हणाला, डावं टोक बोथट आलंय, शिलाई ओढलीय, असलं काम माझ्या दुकानात चालायचं नाही. मोठ्याने, भराभर. गिऱ्हाइकांच्या देखत.

नवी : आणि तुम्ही हसताय?

काका : टोक बोथट आहेच. उद्या सुधारून आणा, मग बघू म्हणाला.

ताई : चला मग घरी.

काका : तुम्ही व्हा पुढे. मला बारीक सुई घ्यायचीय.

नवी : बरं.