पेन्सिलीनं लिहिलेला डिसेंबर

अक्षरा : ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तुम्ही मला फोनवर काय म्हणालात, आठवतं का पप्पा?

आनंदराज : आठवतं. करंज्या उरल्यात म्हणलो.

अक्षरा : लातूरच्या दवाखान्याच्या पायरीवरून. मम्मी शेजारी बसलेली, तिच्या मांडीवर रिपोर्ट. आणि तुम्ही म्हणता, करंज्या लई उरल्यात, ये अन् घेऊन जा. मी नांदेडहून रिकामा डबा घेऊन आले होते देवणीला.

आनंदराज : मग काय म्हणू? तू नर्स माणूस. ड्युटीवर होतीस. रडत एसटीत बसली असतीस तीन-चार तास. म्हणलं, हसत येऊ दे पोर. घरी आल्यावर कळंलच की.

अक्षरा : जाऊ द्या. आज भांडायला नाही आले. चार दिवसांची रजा टाकलीय. नाताळला मला सुट्टी नाही, पण त्याच्या आधी घर लावून जाते.

आनंदराज : यंदा काही करायचं न्हाई. पाळकसाहेबांना सांगितलंय मी. गाणी म्हणत पोरं घरोघर फिरतील, तर आपल्या दारावरून नुसतं पुढं जा म्हणलं.

अक्षरा : दारावरून पुढं? मम्मीच्या?

आनंदराज : माज्यानं होत न्हाई अक्षरा. कागदाची चांदणी बांधा, घर झाडा, तळण काढा. नुसतं नाव घेतलं तरी छातीवर दगड ठिवल्यावानी होतंय.

अक्षरा : म्हणून तर मम्मीसारखं करू. ती कुठं दमायची? कॅलेंडरच्या एका घरात एकच काम लिहायची. आज पडदे, म्हणजे फक्त पडदे. नाही झालं तर रबरनं खोडायचं, पुढच्या घरात टाकायचं, अन् कुणावर चिडायचं नाही. मागच्या डिसेंबरचं पान कुठाय? त्यावरूनच उतरवते. मला डोकं चालवायला नको अन् तुम्हाला पण नको.

आनंदराज : न्हाई आता ते पान.

अक्षरा : खिळ्यावर मागच्या जानेवारीपासूनची सगळी पानं आहेत आणि डिसेंबर नाही?

आनंदराज : फाटलं.

भामाबाई : हाव का न्हाई कुणी घरात? आनंदराजभाऊ, कवाड सताड उघडं अन् चूल थंड. अगं बाई, अक्षरा! कधी आलीस गं?

अक्षरा : सकाळच्या गाडीनं, मावशी. बसा की. चहा टाकते.

भामाबाई : टाक बाई, टाक. तुज्या बापाला चहा मागितला की तांब्या पुढं करतेत. हे घे, रवा अन् खोबरं. तुमच्यातल्या करंज्या यंदा मी करणार.

आनंदराज : भामाबाई, मी न्हाई म्हणलं होतं.

भामाबाई : मला कशाला न्हाई म्हणता? मी काय तुमच्या चर्चातली हाय का? आमचा हिशोब एस्तेरताईबरोबर. तिच्या करंज्या, माज्या चकल्या, त्या वरच्या गल्लीतल्या साखराबाईची शेव. ज्येनं त्येनं एकच जिन्नस करायचा, अन् नाताळच्या आदल्या दिवशी ताटं फिरवायची. पंधरा वरीस झाली. एकदा बी कुणाचं कंबरडं मोडलं न्हाई, अन् तिन्ही घरात फराळ.

अक्षरा : चकल्या कोण करणार मग?

भामाबाई : त्या बी मीच. हात दोन हायत की मला. तू एवढं कर, तुज्या आईच्या पानावर बघून सांग करंज्या कितवीला असायच्या. बाईचं समदं लिवलेलं असायचं.

अक्षरा : पप्पा म्हणतात, पान फाटलं.

भामाबाई : फाटलं कुठं? त्यांच्या शास्त्रात, त्या बायबलात हाय. काळ्या पुट्ट्याच्या. मी परवा झाडून काढताना बघितलं की.

आनंदराज : भामाबाई!

भामाबाई : काय झालं? चुकले का मी?

अक्षरा : हे बघा. चार घड्या घालून ठेवलंय, नीट. कुठंच फाटलं नाही. लपवायचं काय होतं ह्यात? एक तारीख, जाळं-जळमट. तीन, पडदे. पाच, जुन्या चांदणीच्या काड्या तपासणे, पतंगाचा कागद आणणे. गाणाऱ्या पोरांना जेवण नाही, चहा-फुटाणे. किती साधं आहे. नऊ...

आनंदराज : दे इकडं.

अक्षरा : नऊला खोडलंय. आज पण नऊच आहे. थांबा, उजेडात धरते. पेन्सिल दाबून लिहायची ना ती, उमटलंय. "लातूर. रिपोर्ट. ह्यांना घेऊन."

भामाबाई : अगं, ठिव ते.

अक्षरा : सोळाला पण तेच खोडलंय. वीसला पण. आणि सत्तावीसला लिहिलेलं आहे, खोडलेलं नाही. पप्पा, रिपोर्ट नऊ तारखेला तयार होता?

(आनंदराज खाटेवरून उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन त्याच जागी बसतो.)

आनंदराज : तयार होता. मोबाईलवर सांगत न्हाईत म्हणले, घरच्या माणसाला घेऊन या. पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढून दिला होता तिनं. मला म्हणली, मंगळवारी जाऊन येऊ. मी म्हणलं, मंगळवारी चुना लावणारा येणार हाय.

अक्षरा : चुना.

आनंदराज : मी चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी झालो होतो ना नवा. लातूरचे मोठे पाळक जेवायला येणार होते. तीस पानं. तिचं ते एका दिवशी एक काम मला बारीक वाटायला लागलं. म्हणलं, शाळेचा शिपाई असलो म्हणून काय झालं, एक वरीस तरी घर दिसू दे लोकाला. तिनं काही म्हणलं न्हाई. नऊचं खोडलं, सोळाला लिहिलं.

अक्षरा : आणि सोळाचं?

आनंदराज : सोळाला भांडी अन् सतरंज्या आणायच्या होत्या. ते मी खोडलं. तिला विचारलं बी न्हाई. तुज्या शाळेतलं रबर अजून कपाटात होतं, त्येनंच खोडलं. वीसचं बी मीच. म्हणलं, नाताळ झाला की जाऊ, निवांत.

अक्षरा : तिला दुखत होतं का तेव्हा?

आनंदराज : मला न्हाई म्हणायची.

भामाबाई : मला म्हणायची. कढईपुढं एका हातानं पोट धरून बसायची. मी म्हणलं, ताई, दाखव की. तर म्हणली, सत्तावीसला लिवलंय. लिवलंय म्हणली की मला बी वाटायचं, झालंच. मी चकल्या पाडत बसले.

अक्षरा : आणि ते मोठे पाळक?

आनंदराज : आले. गाडी दारात चालूच होती. अर्धा कप चहा घेतला, प्रार्थना केली अन् गेले. भिंतीकडं बघितलं बी न्हाई.

अक्षरा : अठरा दिवस, पप्पा.

आनंदराज : मोजलेत मी. रोज मोजतो. ईस्टरच्या आधी गेली ती. तू दवाखान्यातली हायस, तुला कळतं. मला एकच सांग, अन् खरं सांग. ते अठरा दिवस मी खाल्ले नसते तर ती ऱ्हायली असती का?

अक्षरा : मला माहीत नाही.

आनंदराज : अंदाजानं.

अक्षरा : अंदाजानं पण नाही. नसती राहिली म्हणून सांगितलं असतं तर तुम्हाला झोप लागली असती, मला पण. पण मला माहीत नाही. डॉक्टरला पण सांगता येणार नाही.

भामाबाई : भाऊ, डोळे पुसा. पोरगी समोर हाय.

आनंदराज : पोरीलाच सांगायचं होतं. आठ महिने झाले. फोन लावायचो अन् पाणी आलं का, लाईट हाय का, असलंच बोलायचो.

अक्षरा : हो. परत करंज्याच.

आनंदराज : रागाव की. मनातलं बोल.

अक्षरा : रागावलेच आहे. लई. पण आत्ता ह्या घटकेला मला फक्त चहा ओतायचाय. एका घरात एकच काम. घ्या, कप धरा. दोन्ही हातांनी धरा, सांडताय.

भामाबाई : साखर कमी टाकलीस बाई.

अक्षरा : पप्पांना चालते कमी. मावशी, तुमच्यात टाकते अजून.

आनंदराज : अक्षरा.

अक्षरा : काय?

आनंदराज : त्या पोरांना थांबू दे दारात. एक गाणं म्हणू दे. चांदणी बांधायला माजे हात उठायचे न्हाईत. फुटाणे देईन.

भामाबाई : फुटाणे मी आणते. काड्या कुठं ठिवल्यात तेवढं सांगा, चांदणीचं मी बघते. आमच्या विहारातल्या पताका मीच चिकटवते दर साली.

अक्षरा : चोवीसला काय लिहिलंय, ते वाचलंत का तुम्ही?

आनंदराज : तिथपर्यंत गेलोच न्हाई कधी. विसाच्या पुढं डोळा सरकत न्हाई माजा. काय हाय? ताटं फिरवणे आसंल.

अक्षरा : ते आहे, सकाळी. खाली बारीक अक्षरात अजून एक आहे. "दुपारी चार. अंगणात बसून ह्यांच्यासोबत चहा. दुसरं काही काम नाही."

भामाबाई : दर साली लिवायची ती ते. मला दाखवायची अन् हसायची. म्हणायची, एवढं एकच ढकलत ढकलत पुढच्या साली जातंय बघ.

अक्षरा : मागच्या वर्षी घेतला होता का चहा, पप्पा?

आनंदराज : चार वाजता मी मांडववाल्याकडं होतो. दोन कप करून बसली होती म्हणं. न्हाई घेतला. तेवढं ऱ्हायलंय.