काटा साठावर

मीटरची केबल नाही हो भाऊ — केबलचा यात काही संबंधच नाही. केबल तुटली असती तर काटा मेला असता जागेवर, घासली असती तर थरथरला असता. तुमचा काटा कसा, एकदम गुमान वर चढतो, साठावर जाऊन बसतो — आणि तुमचा फोन म्हणतो पंचेचाळीस. आता कोण खरं? फोन खरा. आजकाल फोनच खरा असतो. तुम्ही बसा ना त्या स्टुलावर, पंखा लावतो. मीटरच्या आत एक कमान असते, केसासारखी, ती काट्याला मागे ओढून धरते. ती सैल झाली की काटा पुढे पळतो. गाडी तीच, रस्ता तोच, वेग तोच — काटा मात्र पुढे. जुनी गाडी आहे, अडुसष्टची अँबॅसडर, वयानं होतं असं. काय? — एका दलालाकडून घेतली? बरं. नाही, मी पाहिली नव्हती ही गाडी. जळगावात अशा चार-पाच असतील, सगळ्या लक्षात कशा राहणार? अर्ध्या तासात करून देतो, काच तेवढी जपून काढावी लागेल, मागच्या वेळी कडेला जरा टवका उडाला होता —

हं. पकडलंत. बरं, पाहिलीय. तीस वर्षं पाहतोय. जवरीलालजींची गाडी आहे ही, डाळमिलवाले जवरीलालजी. एक माणूस सोडून दुसऱ्याचा हात लागला नाही या स्टिअरिंगला. दर गुरुवारी सकाळी दहाला निघायचे, धुळ्याला बहिणीकडे, राजकुंवरबाई त्यांचं नाव. त्यांच्याकडे जेवायचे, संध्याकाळी परत. चाळीस वर्षांचा नेम. एरंडोल, पारोळा, कुठं थांबणं नाही. काटा साठावर, ना एकसष्ट ना एकोणसाठ. दीड तासात धुळे. मला म्हणायचे, "खाजा, बहीण ताट वाढते तेव्हा मी गेटमध्ये असतो." मिलचं सगळं डोक्यात. कुठल्या गोदामात कुठली तूर, किती पोती — मुनीम वही उघडेपर्यंत यांनी आकडा सांगितलेला असायचा. ऐंशीला आलेला माणूस!

मग झालं काय — झालं काही नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आला, हितेंद्र शेठ. याच स्टुलावर बसला. म्हणाला, खाजाभाई, बाबा ऐकत नाहीत, हायवे चौपदरी झाला, ट्रकवाले बेफाम चालवतात, या वयात साठनं जातात, आई गेल्यापासून मला झोप नाही. मीटर असं करा की गाडी पंचेचाळीसनं चालेल आणि काटा साठ दाखवेल. त्यांना कळणार नाही, आणि जिवाला धोका नाही. आता सांगा, मुलगा बापाच्या काळजीनं असं म्हणतो — तुम्ही काय केलं असतं? मला तर बरं वाटलं. फैसल माझ्यासाठी असं करेल का, असंही मनात आलं. सर्व्हिसिंगच्या निमित्तानं गाडी आली, मी मीटर काढलं, कमान सैल केली, पुन्हा बसवलं. वीस मिनिटांचं काम. कोणाचं वाईट केलं नाही मी. अजूनही म्हणतो — वाईट केलं नाही. तेव्हा तरी.

फैसल? माझा मुलगा. आयटीआय करून तीन वर्षं घरी होता. पुढच्याच महिन्यात हितेंद्र शेठनी त्याला मिलमध्ये घेतलं, मशीनवर. मी मागितलं नव्हतं — आता खोटं कशाला बोलू, मागितलं होतं. मीटरचं काम झालं तेव्हाच म्हटलं, शेठ, पोराचं बघा काहीतरी. ते हसले, म्हणाले, तुम्ही आमचं बघितलं, आम्ही तुमचं बघू. त्या हसण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

चहा सांगू? नको? बरं.

तर त्यानंतर पाच-सहा गुरुवार गेले असतील. एक दिवस हितेंद्र शेठचा फोन. "उद्या बाबा येतील तुमच्याकडे. मीटरबद्दल विचारतील. बरोबर आहे म्हणा." एवढंच. मी म्हटलं, पण शेठ, त्यांना शंका आली असेल तर सांगूनच टाकू ना — काळजीपोटी केलं म्हणून, चिडतील आणि विसरतील. तर म्हणाले, "फैसल चांगलं काम करतोय." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आले जवरीलालजी. स्वतः गाडी चालवत, पांढरा सदरा, खिशात एक कागद. कागदावर पाच गुरुवार लिहिलेले — निघालो कधी, पोचलो कधी, किलोमीटर किती. तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो, कमान सैल केली तरी किलोमीटरचे आकडे बदलत नाहीत. ते दाताच्या चाकांवर चालतात, ते खरेच फिरतात. काटा खोटा, आकडे खरे — हे मला सुचलंच नव्हतं, आणि त्या म्हाताऱ्यानं बरोबर पकडलं. म्हणाले, "खाजा, अंतर तेवढंच आहे. काटा साठावर आहे. मग दीड तासाचे दोन तास कसे झाले? पाचही वेळा? बहिणीचं ताट थंड होतं. तुझं मीटर तरी चुकतंय, नाहीतर माझं घड्याळ." आणि माझ्याकडे बघत राहिले. चिडलेले नव्हते हो. हिशोब जुळत नाही म्हणून अडलेल्या विद्यार्थ्यासारखे बघत होते.

मी मीटर काढल्यासारखं केलं. फुंकर मारली. लावलं. म्हटलं, मीटर एकदम ठीक आहे, शेठजी. ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं — मी म्हटलं, वाटेत थांबला असाल कुठे. म्हणाले, "मी थांबत नाही." मी म्हटलं, थांबला असाल शेठजी. विसरला असाल.

काय झालं माहिती आहे? कागदाकडे पाहिलं, घडी केली, पुन्हा उघडली. "पाचही वेळा?" असं हळूच म्हणाले, मला नाही, स्वतःलाच. मग म्हणाले, "हितेंद्रही असंच म्हणतो. म्हणतो, बाबा, तुम्ही हल्ली विसरता." आणि गाडीत जाऊन बसले, पण सुरू करेनात. दहा मिनिटं नुसते हात ठेवून बसले होते चाकावर. मी इथून बघत होतो. चार पावलं होती, भाऊ. चार पावलं चालून मी सांगू शकलो असतो. त्याच वेळी गिऱ्हाईक आलं — नाही, कोणी आलं नव्हतं. मीच आत गेलो.

पुढच्या गुरुवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चावी मुलाच्या हातात दिली म्हणे, "माझं मलाच खरं वाटत नाही" म्हणाले. मग मिल मुलाच्या नावावर करायच्या कागदांवर सह्या झाल्या. आजवर प्रत्येक ओळ वाचणारा माणूस, न वाचता सही करत गेला, फैसलनं पाहिलं. बहिणीला फोन करू देत नाहीत. डॉक्टर येतो, गोळ्या देतो, त्या घेतल्या की दिवसभर झोप. मिलचा वॉचमन मला म्हणतो, "शेठ बठ्ठं इसरी गयात." सगळं विसरले म्हणे, आणि मी मान हलवली. मान हलवली मी, हो हो म्हणून!

मागच्या श्रावणात फैसल डबा विसरला होता, मी द्यायला गेलो. जवरीलालजी गेटजवळ खुर्चीवर बसवलेले. मला ओळखलं. नावानं हाक मारली. जवळ गेलो तर विचारतात, "खाजा, किती वाजले?" आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर, चालू घड्याळ, माझ्यासमोर टिकटिक करतंय. मी म्हटलं, शेठजी, तुमच्या हातात आहे ना. तर म्हणाले, "ते मी बघितलं. पण तू सांग." मी वेळ सांगितली. साडेअकरा. त्यांच्या घड्याळातही साडेअकराच होते. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मला थँक्यू म्हणाले. मला!

घरी जाऊन जमीलाला सांगितलं. ती म्हणाली, जा आणि खरं बोलून ये. मी म्हटलं, आणि फैसल? तेव्हापासून ती माझ्याशी या विषयावर बोलत नाही. कोणाशी तरी बोलायला हवं होतं, तुम्ही परके, धुळ्याचे, गाडी घेऊन निघून जाणार, म्हणून —

धुळ्यात कुठं राहता तुम्ही?

कोणाचे नातू?

राजकुंवरबाईंचे. — मग आल्या आल्या का नाही सांगितलं? मला बोलू दिलंत, बसून ऐकत राहिलात. दलाल वगैरे सगळं… आजींनी घ्यायला लावली गाडी? त्यांना पहिल्यापासून पटलंच नव्हतं? हं. त्यांचा भाऊ, त्यांना कळणारच. रोनक ना तुम्ही? लहानपणी मागच्या सीटवर उभे राहायचात, पाहिलंय मी. नाही, रोनकभाऊ, मी येणार नाही. वकिलासमोर नाही, शेठजींसमोर तर नाहीच. तुम्हाला हितेंद्र शेठ माहीत नाहीत. माझा मुलगा चाळणीच्या मशीनवर असतो, दोन मजले वर, जाळीवर उभा. तुम्ही समजून घ्या. मीटर मी दुरुस्त करून देतो, गाडी छान चालवा, झालं. — नाही? नको दुरुस्त करू?

थांबा, फोन. फैसलचा आहे. — हां, बोल बेटा. … कोण? शेठ आहेत बाजूला? … नाही रे, इथं कुठली अँबॅसडर? कोणी सांगितलं? … दे त्यांना, मी बोलतो. … नको म्हणतात? बरं. तू कुठं आहेस आत्ता? वर? एक काम कर, खाली ये. काम राहू दे, तू खाली उतर आधी. फैसल — हॅलो —

कट झाला.

ऐका, रोनकभाऊ. या मीटरला पाना लावू देऊ नका कोणाला, मलासुद्धा नाही. मी उघडलेल्या प्रत्येक मीटरच्या आत, डायलच्या मागे, सुईनं माझं नाव आणि तारीख कोरतो. उस्तादानं लावलेली सवय. त्यात कमान सैल केली त्या दिवसाची तारीखही आहे. कुठलाही मीटरवाला उघडून कमान बघेल आणि सांगेल, ही झिजलेली नाही, हातानं सोडलेली आहे. पुरे ना तेवढं? यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही. उठा. पुढून नको, मागच्या गल्लीतून काढा गाडी, आणि एरंडोलपर्यंत कुठं थांबू नका. माझ्याकडे बघू नका असं. जा म्हणतो ना. फैसल फोन उचलत नाहीये.