मुखपृष्ठावरची आई

दंतवैद्याकडे नंबर लागेपर्यंत आपलं तोंड बंद असतं, त्यामुळे दुसऱ्यांचं ऐकणं भाग पडतं. डोंबिवलीतल्या त्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर लेखक होते आणि त्यांच्या पुस्तकाची चित्रकार.

“काका, मुखपृष्ठ आज छापायला जायचंय, म्हणून इथवर आले.”

“कल्पिता, बाई छान काढलीयस. पण ही माझी आई नाही.”

“हा पाचवा चेहरा, काका! एखादा फोटो तरी द्या.”

“मिठागरात कोण येणार होतं फोटो काढायला?”

“अख्ख्या पुस्तकात तिच्या चेहऱ्याबद्दल एक ओळ नाहीये. तुम्हाला आठवतोय ना?”

“ती पुढे चालायची गं, डोक्यावर मिठाची टोपली. मी मागनं. मी लहान असतानाच गेली.”

“मग पाठमोरीच काढू? टॅबवर लगेच होईल.”

“लोक म्हणतील, पोरीला चेहरा जमला नाही.”

“म्हणू देत. खांदे कसे होते?”

“डावा जरा खाली. अजून थोडा. मान ताठ ठेव. हां, बस्स. आता हाक मारली तर वळेल.”

आतून काकांचं नाव पुकारलं. ते काही उठेनात, म्हणून माझ्या दाढेचा नंबर आधी लागला.