कॅमेऱ्यावरचं कुंकू

आमच्या आण्णांचं सांगते, ऐका. मी दहावीत व्हते. पुण्यात शाळकरी पोरापोरींच्या फिल्मांची स्पर्धा व्हती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मामाचा कॅमेरा मी आमच्या गावी, निमगाव सावाला, घेऊन आले, आमच्याच शेतावर फिल्म काढायला. फॉर्मवर पालकांची सही लागत व्हती. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फॉर्म बाजूला सारला. "पुण्याला बिण्याला जायचं नाय." मी रुसून कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

दसऱ्याला सकाळी बघते तर कॅमेरा गायब! शोधत देवघरापुढं गेले. तिथं विळे, खुरपी, फवारणीचा पंप पूजेला मांडलेले, आणि मधोमध कॅमेरा. वर झेंडूचं फूल, अन् ओलं कुंकू थेट काचेवर!

"आई, अगं काच! मामा मारील मला!"

"मला काय बोलती? आण्णांनी मांडलाय."

आण्णा विळ्याला कुंकू लावता लावता म्हणाले, "ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं असतं. तुझं हेच ना?"

मी काच पुसली, पण कोपऱ्यातलं कुंकू मुद्दाम ठेवलं, अन् तशीच फिल्म काढली.

पुण्यात परीक्षकांनी विचारलं, "सगळ्या फिल्मभर हा लाल डाग कसला गं?"

म्हणलं, "सर, पालकांची सही हाय ती."